बोनेटखालची पेट्रोलची वाट

कार्बोरेटरवर चालणाऱ्या जुन्या मोटारीची पेट्रोलची नळी कोणत्या रबराची असावी, ती किती जाड असावी, कोणत्या दुकानात चांगली मिळते, याविषयी गॅरेजांत पुष्कळ बोलले जाते. ती बोनेटखालून कोणत्या वाटेने न्यावी याचा विचार त्या मानाने फारच थोडा होतो. रबर कालांतराने कडक होते, क्लिप सैल पडते, धातूची नळी हादऱ्यांनी तडकते, आणि चाळीस-पन्नास वर्षे वापरात असलेल्या गाडीत यांपैकी काहीतरी कधी ना कधी घडणारच, असे धरून चालणे शहाणपणाचे ठरते. म्हणून नळीचा मार्ग आखताना प्रत्येक वळणावर एकच प्रश्न विचारावा लागतो: ती नेमकी येथे पाझरली, तर पेट्रोल कशावर पडेल? मांडणीचे बहुतेक नियम या प्रश्नातूनच निघालेले आहेत.

महाराष्ट्रातील वाचकाला या बाबतीत सर्वांत ओळखीचे उदाहरण प्रीमियर पद्मिनीचे आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट ११०० या मोटारीची जी आवृत्ती १९६४ पासून बाहेर पडू लागली, तीच सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली आणि पुढे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख होऊन बसली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. मात्र हौशी मालकांनी जपलेल्या खासगी पद्मिनी आजही रस्त्यावर दिसतात, आणि त्यांतील १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, त्याला पेट्रोल पुरवणारी जुन्या घडणीची यंत्रणा व गेल्या कित्येक वर्षांत निरनिराळ्या मिस्त्रींनी तिच्यात केलेले फेरफार हे सगळे एकाच बोनेटखाली नांदत असते.

या यंत्रणेची रचना साधी आहे. टाकी गाडीच्या मागच्या भागात असते. तेथून धातूची नळी तळाखालून पुढे येते आणि बोनेटखाली शिरल्यावर तिला रबरी नळी जोडलेली असते. ही रबरी नळी इंजिनाच्या अंगावर बसवलेल्या यांत्रिक पंपाला, म्हणजे गॅरेजच्या बोलीत ‘एसी पंपा’ला, जाऊन मिळते. इंजिनातील कॅमशाफ्ट, म्हणजे झडपांची उघडझाप करणारा दांडा, फिरताना पंपाची तरफ हलवतो, तरफेमुळे पंपातील लवचीक पडदा वरखाली होतो आणि पेट्रोल मागून ओढले जाऊन पुढे कार्बोरेटरकडे ढकलले जाते. पंपाच्या अलीकडच्या नळीत त्यामुळे ओढ असते आणि पलीकडच्या नळीत दाब. तोही जेमतेम ०.२ ते ०.३ बार, म्हणजे टायरमधील हवेच्या दाबाच्या सुमारे आठव्या ते दहाव्या हिश्श्याइतका. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. ओढीच्या बाजूला बारीक तडा गेला, तर इंजिन चालू असताना पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते, गाडी आचके देते आणि मालक कार्बोरेटर साफ करवून घेतो. दाबाच्या बाजूला तसाच तडा गेला, तर गाडी बिनतक्रार चालत राहते आणि पेट्रोल इंजिनावर ठिबकत असते. दोहोंपैकी त्रास देणारा बिघाड कमी धोक्याचा असतो.

पेट्रोलचे काही गुणधर्म येथे विचारात घ्यावे लागतात. शून्याखाली ४० अंश सेल्सिअसलाही त्याची पेट घेण्याजोगी वाफ निघू शकते. ही वाफ हवेच्या तीन ते चार पट जड असल्यामुळे वर न जाता खाली उतरते आणि खळग्यांत साचते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असले की एक ठिणगी पुरते. ठिणगीवाचून आपोआप पेटण्यासाठी मात्र प्रयोगशाळेतील बंद पात्रात अडीचशे अंशांहून अधिक तापमान लागते. जळालेले वायू इंजिनातून सायलेन्सरकडे नेणारा ओतीव लोखंडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड चढावावर याहून पुष्कळ अधिक तापतो, त्यामुळे पेट्रोलचा थेंब त्यावर पडताच भडका उडेल अशी सार्वत्रिक समजूत आहे. प्रत्यक्षात उघड्या, वाहत्या हवेत तापलेल्या धातूवर पडलेले पेट्रोल बहुधा उडून जाते आणि पेटायला बंद पात्रातल्यापेक्षा बरेच जास्त तापमान मागते. म्हणून मॅनिफोल्ड निर्धोक ठरत नाही. पण त्याच्या भीतीपायी ठिणगीकडे दुर्लक्ष होते, आणि जुन्या बोनेटखाली ठिणग्यांचा तोटा नसतो.

ठिणगीच्या या जागा मोजून घेतल्या पाहिजेत. प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला आळीपाळीने वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आत, इंजिन चालू असेपर्यंत ठिणग्या पडतच असतात, आणि त्याची टोपी हवाबंद नसते. प्लगकडे जाणाऱ्या जाड तारांचे आवरण जुने होऊन चिरले की अंधारात त्यांवरून निळसर ठिणग्या उडताना दिसतात. जुन्या डायनॅमोत कार्बनचे ब्रश फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासतात; स्टार्टरची जाड तार आणि बॅटरीची टोके सैल असतील तर तेथेही ठिणगी पडते. पेट्रोलची नळी, तिचा प्रत्येक जोड आणि गाळणी यांपैकी काहीही या जागांच्या वर असू नये, हा मार्ग आखण्याचा पहिला नियम. विमानांच्या देखभालीत याच कारणाने विजेच्या तारा इंधननळीच्या वरून नेण्याची शिस्त पाळली जाते, म्हणजे नळी गळली तरी थेंब तारांवर पडत नाहीत. जुन्या मोटारीत याच्या अगदी उलट दृश्य नेहमी दिसते: हेडलाइटच्या किंवा हॉर्नच्या तारा लोंबू नयेत म्हणून कोणीतरी त्या पेट्रोलच्या नळीलाच काळ्या टेपने बांधून टाकलेल्या असतात. तार तापली, तिचे आवरण वितळले, तर ते नळीच्याच अंगावर वितळणार, हे बांधणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

उष्णतेचा प्रश्न आगीपुरता मर्यादित नाही. पेट्रोलमधील हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांनाच उकळू लागतात, आणि ओढीच्या नळीत दाब कमी असल्यामुळे ते आणखी लवकर उकळतात. नळीत द्रवाऐवजी वाफ भरली की पंपाचा पडदा नुसती वाफच मागेपुढे करीत राहतो आणि गाडी बंद पडते. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत कसाऱ्याच्या किंवा खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडून, पंपावर ओला फडका टाकून बसलेला फियाटचा किंवा अॅम्बेसिडरचा चालक हे एके काळी नित्याचे दृश्य होते, आणि तो उपाय शास्त्राला धरूनच होता, कारण फडक्यातले पाणी वाफ होताना पंपातली उष्णता शोषून घेते. पण कायमचा उपाय मार्गातच शोधावा लागतो. नळी रेडिएटरच्या वरच्या टाकीला व मॅनिफोल्डला टेकून न नेता मडगार्डच्या बाजूच्या पत्र्यालगत, गार हवेच्या झोतात ठेवावी. जेथे जवळून जाणे टळतच नाही तेथे मध्ये पत्र्याची आडोशी पट्टी बसवावी. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये कंपनीने दिलेला उष्णतारोधक जाड तुकडा एखाद्या दुरुस्तीत काढून फेकला गेला असेल तर तो पुन्हा बसवावा. बोनेटखालचे तापमान गाडी थांबल्यावर उतरत नाही, उलट काही काळ चढते, कारण पंखा आणि पाण्याचे अभिसरण दोन्ही थांबलेले असते व तापलेले लोखंड आपली उष्णता आजूबाजूला सोडत राहते. त्यामुळे धावत्या गाडीत ठीक वाटणारी नळी उभ्या गाडीत भाजून निघते.

काही इंजिनांत मूळ रचनाच गैरसोयीची असते. अॅम्बेसिडरच्या १४८९ घनसेंटिमीटरच्या, ब्रिटिश घराण्यातल्या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, तेही एकावर एक आहेत. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या छोट्या हौदात, सुईच्या झडपेखाली कचरा अडकला की पेट्रोल भरून वाहू लागते आणि ते थेट मॅनिफोल्डवर उतरते. अशा मांडणीत नळी कार्बोरेटरपर्यंत बाजूने आणावी, तिचा शेवटचा जोड मॅनिफोल्डच्या सरळ रेषेत वर येऊ देऊ नये, आणि दोहोंमधला पत्रा जागेवर ठेवावा. हा पत्रा खडखडतो म्हणून काढून टाकणारे मिस्त्री पुष्कळ आहेत; खडखडणारा पत्रा नव्या बोल्टने कसून बसवायला दहा मिनिटे पुरतात.

इंजिन गाडीच्या सांगाड्याला रबरी बैठकींवर टेकलेले असते, त्यामुळे ते चालू होताना, बंद होताना आणि क्लच सोडताना बाजूला झुलते. सांगाड्याला पक्की बांधलेली धातूची नळी आणि इंजिनावरचा पंप यांच्यामध्ये रबरी तुकडा असतो तो याच हालचालीसाठी. तो ताणून बसवला तर प्रत्येक झोक्याला जोड ओढला जातो. फार सैल सोडला तर नळी लोंबते आणि पंख्याच्या पट्ट्याला, पंख्याच्या पात्याला किंवा अॅक्सिलरेटरच्या दांड्याला घासते. बसवल्यावर इंजिन हाताने हलवून, शिवाय एका माणसाला क्लच व अॅक्सिलरेटर दाबायला लावून नळी कोठे लागते का ते पाहणे हीच खरी परीक्षा होय. वळण दुमडेल इतके आवळलेले नसावे आणि नळीला पीळ पडलेला नसावा. चांगल्या नळीवर लांबीच्या दिशेने छापलेली ओळ असते, ती सरळ दिसत असेल तर पीळ नाही असे समजावे.

धातूच्या भागासाठी तांब्याची नळी वापरण्याचा मोह आवरता घेतला पाहिजे. ती हाताने वळते, गंजत नाही, दिसायलाही सुंदर असते. पण सततच्या कंपनाने तांबे कडक होत जाऊन जोडाजवळ तडकते, आणि तांब्याच्या संपर्कात पेट्रोलमधील चिकट राळ लवकर तयार होते. मूळ गाडीत असते तशी दुहेरी भिंतीची पोलादी नळी, किंवा तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नळी, हे त्याहून चांगले पर्याय आहेत. नळी साधारण फूट-दीड फुटावर रबराचे अस्तर असलेल्या क्लिपांनी पत्र्याला बांधावी, आणि ती पत्र्याच्या भोकातून जात असेल तर भोकात ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रबरी चकती, असलीच पाहिजे. या चकतीचे मोल फोक्सवॅगन बीटलच्या चाहत्यांना चांगले ठाऊक आहे. त्या गाडीचे इंजिन मागे असते व पेट्रोलची नळी त्याच्याभोवतीच्या पत्र्यातून आत शिरते. ग्रोमेट हरवले की पत्र्याची कड नळी कापत जाते. त्यातच कार्बोरेटरच्या तोंडाशी केवळ दाबून बसवलेली पितळी नळी वर्षांनुवर्षांच्या तापण्या-निवण्याने सैल होऊन निसटू शकते, डिस्ट्रिब्युटर जवळच असतो, आणि इंजिनाची पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असल्यामुळे एकदा पेटली की विझवणे दुरापास्त होते.

रबराच्या बाबतीत भारतात आता एक नवी बाजू निर्माण झाली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, निवडक पंपांवर मिळू लागले आणि पुढील दोन वर्षांत ते बहुतेक सर्वत्र पोहोचले. महाराष्ट्रातील साखर कारखाने या इथेनॉलचे मोठे पुरवठादार आहेत. जुन्या गाड्यांतील रबर, बुचाचे वायसर आणि पंपाचा पडदा या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉलने जुने रबर फुगते व मऊ पडते, गाडी महिनोन्‌महिने उभी राहून सुकली की तेच रबर आक्रसून चिरते. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवून पुढे पाठवते. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीलाही नळी आजच्या इंधनाची लावावी लागते. आंतरराष्ट्रीय बाजारात इंधननळीवर अमेरिकेतील एसएई या संस्थेच्या जे-३० मानकाची खूण छापलेली असते: आर-६ आणि आर-७ या कमी दाबाच्या, कार्बोरेटरच्या गाड्यांसाठीच्या नळ्या, तर आर-९ ही इंजेक्शनच्या गाड्यांसाठीची, आतून फ्लोरोकार्बन रबराचे अस्तर असलेली नळी. कार्बोरेटरच्या गाडीला आर-९ चा दाब सोसण्याची गरज नसते, पण तिचे अस्तर इथेनॉलला दाद देत नाही, आणि लागणारी लांबी मीटरभरही नसल्यामुळे येथे काटकसर करण्यात अर्थ नाही. दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणलेली पारदर्शक प्लास्टिकची नळी मात्र जुन्या मोटारीच्या बोनेटखाली मुळीच घालू नये; पेट्रोल वाहताना दिसते एवढाच तिचा गुण, उष्णतेने ती काही महिन्यांत पिवळी, टणक व आखूड होऊन जोडावरून निसटते. सुती विणीचे आवरण असलेली जुन्या पद्धतीची नळी अस्सल दिसते, पण तिच्या विणीखाली रबराला गेलेल्या चिरा दिसत नाहीत.

नळी लोखंडी करवतीने न कापता धारदार पात्याने काटकोनात कापावी, म्हणजे रबराचा भुगा आत पडत नाही. धातूच्या नळीच्या टोकाला रबर अडवणारा उंचवटा असतो. रबरी नळी त्याच्या पलीकडे साधारण इंचभर सरकवावी आणि क्लिप उंचवट्याच्या मागे, रबराच्या काठापासून थोडी आत घ्यावी. स्क्रूने आवळली जाणारी, पट्टीला खाचा असलेली क्लिप १९२१ पासून जगभर वापरात आहे आणि पाण्याच्या जाड होजला ती उत्तम. पेट्रोलच्या बारीक नळीवर मात्र तिच्या खाचांतून रबर वर येऊन कापले जाते. गुळगुळीत पट्टीची, कडा बाहेर वळवलेली छोटी क्लिप येथे योग्य ठरते. बारीक तारेने आवळलेला जोड दिसला, तर पुढचे काही न पाहता आधी तो बदलावा.

जोड जितके कमी तितके बरे, हे तत्त्व मान्य करूनही जुन्या गाडीत जोड वाढतच जातात, आणि त्यांतील बरेचसे गाळणीमुळे वाढतात. टाकीतला गंज अडवायला प्लास्टिकची छोटी गाळणी नळीत घातली जाते, ती पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये, म्हणजे दाबाच्या बाजूला व इंजिनाच्या डोक्यावर, कारण तेथे हात सहज पोहोचतो. तिचे वजन दोन रबरी तुकड्यांवर लोंबत राहते, आणि उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ झाले की तिची नळकांडी मुळाशी मोडतात. हीच गाळणी पंपाच्या अलीकडे, मडगार्डच्या पत्र्याला बांधून बसवली तर ती गारही राहते, पंपही वाचतो आणि मोडली तरी गळती गरम लोखंडापासून दूर होते. सीएनजीवर चालवलेल्या पद्मिनींत जोडांची आणखी एक जोडी असते. गॅसवर चालताना पेट्रोल तोडण्यासाठी विजेची झडप याच नळीत बसवलेली असते. तिच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा वर्षांनुवर्षे कोणी पाहत नाही, कारण गाडी गॅसवर असते, आणि एखाद्या दिवशी गॅस संपला म्हणून चालक पेट्रोलवर येतो तेव्हा सुकून चिरलेल्या नळीत एकाएकी दाब चढतो.

यांत्रिक पंप काढून विजेचा पंप बसवणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. असा पंप ओढण्यापेक्षा ढकलण्यात चांगला असतो, म्हणून त्याची जागा मागे, टाकीजवळ असते. आणि यांत्रिक पंप इंजिन थांबताच थांबतो, विजेचा पंप मात्र चावी चालू असेपर्यंत फाटलेल्या नळीतूनही पेट्रोल फेकत राहतो. इंजिनात ऑइलचा दाब नसेल किंवा गाडीला जोराचा धक्का बसला तर पंपाची वीज तोडणारा स्विच त्याला जोडलेला नसेल, तर हा बदल न केलेलाच बरा. उतारावर नाक खाली करून उभ्या केलेल्या गाडीत तर पंपाशिवायही धोका संभवतो: मागची टाकी बोनेटपेक्षा उंच जाते, आणि पंपाच्या अलीकडची नळी निसटलेली असेल तर पेट्रोल आपोआप खाली वाहत येते.

नळी बदलण्याचे काम इंजिन पूर्ण गार झाल्यावर, उघड्या जागेत आणि बॅटरीची तार सोडवून करावे. काचेच्या बल्बचा हँडलॅम्प फुटला की त्याची तापलेली तार ठिणगीचेच काम करते, म्हणून उजेड बॅटरीच्या टॉर्चचा असावा, आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे. सोडलेल्या नळीचे तोंड आधी डब्यात धरावे, म्हणजे टाकी भरलेली असली तरी पेट्रोल जमिनीवर जात नाही. सगळे बसवून झाल्यावर गाडी सुरू करून प्रत्येक जोडाभोवती कोरडा पांढरा कागद फिरवावा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो. इंजिन ऑइलची दांडी काढून तिचाही वास घ्यावा, कारण पंपाचा पडदा फाटला असेल तर पेट्रोल बाहेर न दिसता ऑइलमध्ये उतरते. त्यानंतर गाडी चांगली तापेपर्यंत चालवून आणावी, बंद करावी आणि पाव तासाने, म्हणजे बोनेटखालची उष्णता चढलेली असताना, तोच कागद पुन्हा फिरवावा. पुढच्या आठवड्यात क्लिपा एकदा हलक्या हाताने आवळाव्यात, कारण नवे रबर क्लिपेखाली थोडे दबते आणि पहिल्या दिवशी घट्ट वाटलेला जोड तोवर सैल झालेला असतो.